अहिराणी शब्द तिरपे छापायचे का? प्रेसवाल्याचं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पारोळ्याकडच्या एक ताई, निवृत्त शिक्षिका, आजीकडून आणि गल्लीतल्या बायांकडून ऐकलेल्या अहिराणी ओव्या, म्हणी आणि त्यावर स्वतः मराठीत लिहिलेलं असं दीडेकशे पानांचं पुस्तक काढताहेत. पुण्याला शिकणारा भाचा म्हणतो की मराठी मजकुरात आलेला प्रत्येक अहिराणी शब्द इटॅलिक म्हणजे तिरपा पाहिजे, पुस्तकांची नावं पण इटॅलिक पाहिजेत, इंग्रजीत तसा नियमच असतो. ताईंनी वर्डमध्ये कंट्रोल-आय दाबून पाहिलं तर अक्षरं पडल्यासारखी दिसली. प्रेसवाला म्हणतो "मराठीत इटॅलिक नसतं मॅडम", आणि भाचा म्हणतो त्याला जमत नाही म्हणून तो नाही म्हणतो. कोणाचं ऐकायचं?

ताई, दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत आणि दोघांनीही तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. मी ८८ साली दहावी झाल्यावर मामांच्या ट्रेडल प्रेसवर बसलो, जळगावला, तेव्हा शिशाचे खिळे म्हणजे सुटी अक्षरं जुळवायचो, म्हणजे जुळारीच होतो, पुढे ९७ ला कॉम्प्युटर आला, पानं लावायला पेजमेकर आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी, मग कोरल, मग इनडिझाइन, आता सगळं युनिकोड. घर चालतं लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर पण जीव पुस्तकात असतो, वर्षाला पाच-सात होतात. त्यामुळे पुढचं सगळं हात काळे करून शिकलेलं आहे, कुठल्या डिझाइन कॉलेजातलं नाही, तेवढं धरून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा प्रश्न इटॅलिकचा नाहीये. तुम्हाला वाचणाऱ्याला सांगायचंय की हा शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा वेगळ्या जातीचा आहे, अहिराणी आहे, किंवा हे पुस्तकाचं नाव आहे, किंवा इथं मी जोर देतेय. हे वेगळेपण दाखवायचं एक साधन म्हणजे इटॅलिक, ते इंग्रजीवाल्यांना सापडलं, त्यांच्या अक्षरांना ते शोभलं. आपल्याला काम तेच करायचंय, अवजार तेच असलं पाहिजे असं काही नाही. विळ्यानं होणारं काम कोणी सुरीनं करतं, भाकरी खाल्ल्याशी मतलब.

आता इटॅलिक मुळात आलं कुठून ते सांगतो कारण हे कळलं की अर्धा गोंधळ जातो. व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस नावाचा छापखानेवाला होता, त्याच्याकडे फ्रान्सेस्को ग्रिफो नावाचा ठसे कोरणारा कारागीर, त्यानं त्या वेळच्या शिकलेल्या लोकांच्या भराभर लिहायच्या हाताच्या वळणावरून एक नवा टाइप कोरला आणि १५०१ मध्ये व्हर्जिल या जुन्या रोमन कवीच्या कवितांचं अख्खं पुस्तक त्यात छापलं, छोटं, हातात मावेल असं. अख्खं पुस्तक, लक्षात घ्या. एखादा शब्द उठून दिसावा म्हणून तो टाइप बनलाच नव्हता, तो आपला स्वतंत्र टाइप होता, आणि गंमत म्हणजे त्यातली मोठी कॅपिटल अक्षरं तर सरळ उभीच होती, तिरपी नव्हती. सरळ मजकुरात मधेच तिरपा शब्द घालून वेगळेपणा दाखवायचा हा वापर त्याच शतकात नंतर रुजत गेला.

यातलं कामाचं काय, तर खरं इटॅलिक म्हणजे वेगळा हात आहे. इंग्रजी पुस्तक घेऊन बघा, सरळ टाइपातला ए डोक्यावर छत्री घेतलेला असतो आणि इटॅलिकमधला ए आपण वहीत लिहितो तसा साधा गोल, एफ सरळमध्ये ओळीवर उभा असतो आणि इटॅलिकमध्ये बऱ्याचदा ओळीखाली शेपटी सोडतो. म्हणजे अक्षरांचे आकारच बदलतात, तिरपेपणा हा त्यातला एक भाग, तोही साधारण ८ ते १५ अंशांचा. नुसती सरळ अक्षरं वाकवली तर त्याला इंग्रजीवाले पण इटॅलिक म्हणत नाहीत, ऑब्लिक म्हणतात, हेल्व्हेटिकासारख्या टाइपात ते चालून जातं. आणि तुम्ही वर्डमध्ये कंट्रोल-आय दाबता तेव्हा असं कोणी बसून नीट केलेलं ऑब्लिक पण होत नाही, त्या फॉन्टमध्ये तिरप्याची वेगळी फाइल नसली की वर्ड आहे तेच अक्षर कान धरून वाकवतं. तुम्हाला पडल्यासारखं दिसलं ते हेच.

मराठीचा चालता हात नव्हता का, तर होता, मोडी होता. आमच्या आजोबांची शेताची जुनी खतं म्हणजे दस्त मोडीत आहेत, आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग लेखणी न उचलता अक्षरं खाली लटकवत जायचं. पोथी बाळबोधात म्हणजे देवनागरीत आणि हिशेब, पत्रं, कागदपत्रं मोडीत असे दोन हात आपल्याकडे शेजारी शेजारी नांदत होते, अगदी सरळ आणि इटॅलिकसारखे. पण छापखान्यात मोडी बाळबोधाचा जोडीदार झाला नाही, आता वाचणारेही थोडे उरले, म्हणून तो रस्ता बंद. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुनी मोडी कागदपत्रं बघितली की मला दर वेळी वाटतं आपलं इटॅलिक इथं बासनात बांधून ठेवलंय. असो, विषय भरकटला.

देवनागरी वाकवली की का बिघडतं ते आता नीट सांगतो, कारण भाच्याला "चांगलं दिसत नाही" एवढ्यानं पटायचं नाही.

आपलं अक्षर तीन मजली आहे. मधे अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार. कॉम्प्युटर वाकवतो तेव्हा ओळीच्या पायाला धरून वाकवतो, म्हणजे जेवढं वर तेवढं उजवीकडे सरकतं आणि जे खाली आहे ते उलटं डावीकडे सरकतं. १२ अंश वाकवलं तर पायापासून १० मिलिमीटर उंचीवरचा ठिपका २ मिलिमीटरच्या वर उजवीकडे जातो. इंग्रजीत वरच्या मजल्यावर आय-जेचा टिंब सोडून फार काही राहत नाही, त्यांचं भागतं. आपला अनुस्वार मात्र शेजारच्या अक्षराच्या अंगणात जाऊन बसतो, उकार मागच्या अक्षराला धक्का मारतो, आणि "कुंकू" सारख्या शब्दात तर वरचं एकीकडे अन् खालचं दुसरीकडे. त्यात शिरोरेघ आडवीच राहते, काने तेवढे झुकतात, म्हणजे घराचं छत जागच्या जागी आणि भिंती कलल्या. तिरपा शब्द संपून सरळ शब्द सुरू होतो तिथं, किंवा कंस नाहीतर अवतरणचिन्ह बंद होतं तिथं, वेलांटीचं टोक त्यात घुसतं. मोठ्या अक्षरात हे खपून जातं, १० किंवा ११ पॉइंटमध्ये साध्या मॅपलिथो कागदावर छापलं की शाई जराशी पसरते आणि मग अनुस्वार कोणाचा हे अंदाजानं वाचावं लागतं.

मी स्वतः हे करून बसलोय म्हणून एवढं खात्रीनं बोलतो. कॉम्प्युटर नवा नवा होता, माझ्या हातात नवं खेळणं, एका स्मरणिकेचं काम आलं होतं त्यात श्रद्धांजलीची आठ पानं होती, मला वाटलं भावनेचा मजकूर आहे तर तिरपं करू, नाजूक दिसेल. हजार प्रती छापल्या, घडी झाली, बाइंडिंग झालं, आणि ज्यांच्या वडिलांवर ती पानं होती ते भाऊ प्रेसवर आले, शेतकरी माणूस, रागावले नाहीत, पान समोर धरून एवढंच म्हणाले, "भो, हे तर वादळात आडवी झालेली केळी दिसतेय." त्या दिवसापासून आठ पानं सोडा, आठ ओळी पण मी सलग तिरप्या लावल्या नाहीत.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल देवनागरी तिरपी होतच नाही. होते. जुन्या पेंटर लोकांनी रंगवलेल्या पाट्या आठवा, ट्रकच्या मागचं लिखाण, पिठाच्या गिरणीचे, टेलरचे बोर्ड, त्यात किती तरी वेळा अक्षरं झोकात झुकलेली असायची आणि छान दिसायची. कारण पेंटर अक्षर वाकवत नव्हता, तिरपंच लिहीत होता. ब्रश उचलतानाच त्याला कळायचं अनुस्वार कुठं टाकायचा, रफार किती मागे घ्यायचा, उकाराला जागा कुठून काढायची, शिरोरेघ थोडी तोडायची की नाही. आमच्या गल्लीत असे एक पेंटर होते, मी त्यांना विचारलं होतं काका हे माप कसं घेता, तर म्हणाले माप नाही घेत, शब्द ज्या बाजूला पळतोय तिकडे पळू देतो. थोडक्यात काय, कोणी बसून प्रत्येक अक्षर, प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक मात्रेची जागा तिरपी काढली तर तिरपी देवनागरी चांगली होईल. पण देवनागरीला जोडाक्षरं धरून शेकड्यांनी आकार लागतात, तो खर्च आणि ती मेहनत वर्षानुवर्षं कोणी फारशी केली नाही. खिळ्यांच्या काळात तर विचारूच नका, आमच्याकडे व्हाइट आणि ब्लॅक म्हणजे साधा आणि ठळक अशा दोन जाती घेतानाच मामांच्या नाकी नऊ यायचे, तिसरी तिरपी जात कोण ओतणार आणि कोण विकत घेणार. मात्रेचा खिळ्याबाहेर आलेला नाजूक भाग सरळ टाइपातच रोज तुटायचा.

म्हणून तुमच्या प्रेसवाल्याचं "नसतं" हे परंपरा म्हणून खरं आहे, पण अगदी शब्दशः खरं नाही. विंडोजबरोबर कोकिळा, उत्साह, अपराजिता असे फॉन्ट येतात त्यांच्या तिरप्याच्या वेगळ्या फाइली आहेत, विंडोज १० मध्ये ते आपोआप दिसत नाहीत, देवनागरीचे जास्तीचे फॉन्ट म्हणून वेगळे उतरवून घ्यावे लागतात. फक्त कोकिळा अंगानं फार बारीक आहे, दुसऱ्या फॉन्टच्या १२ ला जुळवायला तिला बरीच मोठी करावी लागते हे विसरू नका. दुसरीकडे बघा, मुक्ता हा मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या संस्थेचा फॉन्ट, त्यात बारीकपासून ठळकपर्यंत सात जाडी दिल्या आहेत आणि तिरपा एकही नाही. आयआयटी मुंबईचा शोभिका, त्यात साधा आणि ठळक, बस. एवढी जाणती माणसं अक्षरावर बसतात आणि सात-सात जाडी काढून तिरप्याला हात लावत नाहीत, तेव्हा मला तरी वाटतं त्यांना त्याची फार निकड वाटली नसावी.

आता इंग्रजीत इटॅलिक जी कामं करतं ती एकेक घेऊ आणि आपण ती कशी करतो ते बघू, कारण भाच्याचा नियम खरं तर चार-पाच वेगवेगळ्या कामांची मोळी आहे.

जोर देणं. यात आपण इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहोत. इंग्रजीत शब्दांचा क्रम ठरलेला, त्यामुळे आवाजातला जोर कागदावर दाखवायला त्यांना अक्षर वाकवावं लागतं. आपल्याकडे च आहे, ही आहे, तर आहे, सुद्धा आहे, आणि शब्द हवा तिथं हलवता येतो. "मी ते म्हटलंच नाही", "मी नाही म्हटलं ते", "ते मी कुठं म्हटलं", तिन्हीत जोर वेगळा आणि एकही अक्षर वाकडं केलेलं नाही. अनुवादाची पुस्तकं माझ्याकडे येतात त्यात हे हमखास सापडतं, मूळ इंग्रजीत शब्द इटॅलिक होता म्हणून मराठीतही तिरपा केलेला असतो आणि वाक्यातला च मात्र गायब. मी अशा ठिकाणी पेन्सिलनं बाजूला च लिहून पाठवतो, दहातले नऊ लेखक मान्य करतात. तुमच्या पुस्तकात जोरासाठी इटॅलिक लागणारच नाही, अहिराणी बोलणाऱ्या बाईला जोर द्यायला टाइप लागत नाही.

पुस्तकांची, मासिकांची नावं. मराठीत याला एकेरी अवतरणचिन्ह पुरतं आणि वाचणाऱ्याला त्याची सवय आहे. कोणी म्हणेल अवतरणचिन्ह पण इंग्रजीकडूनच आलं, बरोबर आहे, आपली बहुतेक विरामचिन्हं १९व्या शतकात तिकडूनच आली, मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव त्यात घेतात. त्याआधी आपल्याकडे दंड होता आणि "असे", "इति" होतं. म्हणजे परकं आहे म्हणून नको असा माझा मुद्दाच नाही, स्वल्पविराम आपल्या अक्षराशेजारी सुखानं राहिला म्हणून टिकला, तिरपेपण राहिना म्हणून टिकलं नाही.

शास्त्रीय नावं. हे तुमच्या पुस्तकात नसेल पण कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. रावेर-यावलकडून केळीवरच्या, कापसावरच्या पुस्तिका छपाईला येतात, त्यात देशी कापूस म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, अमेरिकन म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम अशी नावं असतात आणि लेखक सांगतात हे तिरपंच पाहिजे, नियम आहे. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत शिफारस आहे ती अशी की नाव आजूबाजूच्या मजकुरापेक्षा वेगळ्या टाइपात असावं, आणि तो सहसा इटॅलिक असतो. वनस्पतींच्या संहितेत तर ती छपाईची पद्धत मानलीय, नामकरणाची अट नव्हे. म्हणजे मुद्दा परत वेगळेपणाचा. नाव रोमन लिपीत लिहिलंत तर बिनधास्त इटॅलिक करा, तिथं खरं इटॅलिक मिळतं, फक्त रोमनसाठी चांगला फॉन्ट निवडा, देवनागरी फॉन्टमधली इंग्रजी अक्षरं वापरू नका. देवनागरीत लिहिलंत तर मी ते मुक्तासारख्या, रेघा एकसारख्या जाडीच्या असलेल्या फॉन्टमध्ये लावतो आणि बाकी मजकूर शोभिकासारख्या पुस्तकी फॉन्टमध्ये, फरक हळूच दिसतो, ओरडत नाही.

आणि परभाषेतले शब्द. हीच तुमची खरी अडचण, इथं जरा थांबतो.

इंग्रजीतला नियम असा की वाचणाऱ्याला परका वाटेल तो शब्द इटॅलिक. भाचा तोच नियम अहिराणीला लावतोय. आता मला सांगा, पारोळ्याच्या बाईनं खान्देशातल्या ओव्यांवर पुस्तक लिहिलंय, त्यात "आंडेर" म्हणजे लेक हा शब्द परका कोणाला? "सासरी निघालेल्या आंडेरच्या डोळ्यात" असं तुम्ही लिहिलंत आणि त्यातला आंडेर तेवढा तिरपा केला, तर वाचणारी मुलगी, जी घरात रोज हा शब्द ऐकते, तिला ते पान सांगतं की बाई, तू इथं पाहुणी आहेस. पुण्या-मुंबईच्या वाचकाला अर्थ कळला पाहिजे हे शंभर टक्के मान्य, पण अर्थ कळणं आणि शब्दाला वेगळ्या रांगेत उभा करणं या दोन गोष्टी आहेत. इंग्रजीत लिहिणारे आपले कितीतरी लोक पण हल्ली मातृभाषेतले शब्द तिरपे करत नाहीत, हाच वाद तिकडेही चालू आहे.

शिवाय हिशेब करा. तुमच्या पुस्तकात पानाला पाच-सात तरी अहिराणी शब्द येणार. प्रत्येक तिरपा, नाहीतर प्रत्येक अवतरणात, नाहीतर प्रत्येक ठळक, काहीही केलं तरी पान गोवर आल्यासारखं दिसतं. वेगळेपण दाखवायचं साधन मिठासारखं आहे, सगळ्या भाकरीला लावलं की चव कशाचीच लागत नाही.

मी अशा पुस्तकांना काय करतो ते सांगतो. ओव्या आणि म्हणी ओळीत घुसवायच्याच नाहीत, त्यांना स्वतंत्र जागा, डावीकडे थोडी आत, वरखाली अर्धी ओळ मोकळी, आणि मजकुरापेक्षा एक पॉइंट मोठं अक्षर. लहान नाही, मोठं, कारण पुस्तक त्यांचं आहे. हे काही मी शोधलेलं नाही, जुन्या पोथ्यांत मूळ श्लोक मधे मोठ्या अक्षरात आणि टीका वरखाली बारीक अक्षरात अशीच मांडणी असायची, हस्तलिखितात "उवाच" किंवा अध्याय संपल्याची ओळ लाल शाईनं लिहिलेली असते. धुळ्याला गेलात तर समर्थ वाग्देवता मंदिरातल्या पोथ्या बघा, आपल्या लोकांनी वेगळेपण दाखवायला जागा, आकार आणि रंग वापरला, अक्षर वाकवलं नाही.

मराठी मजकुरातले सुटे अहिराणी शब्द, त्यांना पहिल्यांदा आल्यावर एकेरी अवतरण आणि लगेच वाक्यातच अर्थ उलगडून टाका, उदाहरणार्थ 'बठ्ठा' म्हणजे सगळा, पुढे दुसऱ्यांदा आला की बिनखुणेचा, घरचा. आणि शेवटी चार-पाच पानांची शब्दसूची, तिथं अहिराणी शब्द ठळक आणि अर्थ साधा. तिथं ठळक शोभतं कारण माणूस शोधत असतो.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. एक, अक्षरांमधली जागा वाढवून शब्द उठवायचा, जर्मन लोक पूर्वी असं करायचे, आपली शिरोरेघ तुटून दात पडल्यासारखं दिसतं. दुसरं, अधोरेखा. शाळेच्या सवयीनं शिक्षक मंडळी ती फार मारतात (रागवू नका), पण छापल्यावर ती उकाराच्या गळ्यातून जाते. आणि हस्तलिखितात अधोरेखा मारली तर जुळवणाऱ्याला आधी सांगा तिचा अर्थ काय, कारण इंग्रजी मुद्रितशोधनात शब्दाखाली एक रेघ म्हणजे इटॅलिक, आमच्याकडे बरेच जण तिचा अर्थ ठळक धरतात, आणि नवा पोरगा असला तर तो खरोखर रेघच टाकतो.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगायला पाहिजे. हेच तुम्ही विद्यापीठाच्या प्रबंधासाठी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं आधी मार्गदर्शकांना विचारा, संदर्भसूचीत ग्रंथनामं इटॅलिक असा आग्रह काही जण धरतात कारण त्यांची पद्धत इंग्रजी नियमावलीवरून आलेली असते, तिथं वाद घालून उपयोग नाही, तिरप्याची स्वतःची फाइल असलेला फॉन्ट घ्या, आकार मोठा ठेवा, तिरपं फक्त सूचीत ठेवा आणि मोकळे व्हा. लग्नपत्रिका, बॅनर, मुखपृष्ठ असेल तर तिरपं जरूर करा, पण कोरलमध्ये अक्षर वाकवून झालं की त्याचे कर्व्ह म्हणजे नुसते आकार करून अनुस्वार-वेलांट्या हातानं जागेवर आणा, पेंटर काकांसारखं. आणि पुस्तक पुढे मोबाइलवर, ईबुक म्हणून जाणार असेल तर तिरप्यावर अर्थ टांगून ठेवूच नका. व्हॉट्सॅपवर टाकायला मजकूर उचलला की तिरपं गळून जातं, जुन्या श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये बदलताना तर माझ्याकडे दर वेळी गळालंय, अवतरणचिन्ह मात्र प्रत्येक वेळी शाबूत पोचतं, कारण ते अक्षरासारखं अक्षर आहे.

भाच्याला दुखवायचं नसेल तर त्याला एक काम द्या, तो आनंदानं करेल. एकच पान तीन तऱ्हेनं लावायला सांगा, एक सगळे अहिराणी शब्द तिरपे, एक सगळे अवतरणात, एक मी सांगितलं तसं. पण स्क्रीनवर बघू नका, खऱ्या आकारात, ज्या कागदावर पुस्तक निघणार त्याच कागदावर प्रिंट काढा, स्क्रीनवर मोठं करून सगळंच सुंदर दिसतं. आणि ती तीन पानं ज्या बायांनी तुम्हाला ओव्या सांगितल्या त्यांच्यातली जी वाचते तिच्या हातात द्या, चष्म्यासकट, कुठं अडखळते ते बघा.

शेवटी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत पण माझ्या मते इटॅलिकपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. अहिराणीत "काय करी ऱ्हायना" (काय करतोय) मधला ऱ्ह पानोपानी येतो. हिंदीसाठी बनवलेल्या कितीतरी फॉन्टमध्ये हा ऱ्ह नीट उमटत नाही, र चा पाय मोडून खाली टिंब नाहीतर ठिगळ दिसतं, किंवा तो र्ह म्हणजे रफार होऊन ह च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि शब्दच बदलतो. ल आणि श पण मराठी वळणाचे हवेत, शासनाच्या २००९ च्या निर्णयातही ते वळण दिलेलं आहे. तेव्हा प्रेसवाल्याशी इटॅलिकवरून भांडण्याआधी त्याला एका कागदावर "काय करी ऱ्हायना, कोठे जाई ऱ्हायना" एवढी ओळ तुमच्या फॉन्टमध्ये छापून मागा. ती ओळ बरोबर आली तर पुढचं बोला, नाही आली तर फॉन्ट बदला. अडलं तर पानाचा फोटो टाका इथं, रात्री मशीन बंद झाल्यावर बघतो.